गाडी आली, पण गाडीत काय झालं?

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि शेवटचा भाग तरी घरच्यांना वाचून दाखवा.)

इयरफोन नीट लावा. आजचा विषय थोडा गंभीर आहे, पण कधी ना कधी प्रत्येकाच्या घरात उपयोगी पडेल असा आहे.

ॲम्ब्युलन्सबद्दल आपण सगळेच बोलतो. कट्ट्यावर बोलतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलतो. पण आपली तक्रार बहुतेक वेळा एकच असते, की गाडी उशिरा आली. "फोन करून पाऊण तास झाला, अजून पत्ता नाही." तक्रार खरी असते आणि ती करायलाच हवी. पण आज मला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचाय. गाडी आली, पेशंट आत घेतला, दार लागलं. त्यानंतर त्या बंद दारामागे काय झालं? जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं का? आणि ते झालं की नाही, हे कुणी कधी तपासलं का?

आपला नकाशा

मुंबई-पुण्यात पेशंट गाडीत साधारण अर्धा-पाऊण तास असतो. आता पुसदचा नकाशा डोळ्यापुढे आणा. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. पण पेशंट फारच सिरियस झाला की वाक्य ठरलेलं असतं: "यवतमाळला न्या." म्हणजे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अंतर नव्वद-शंभर किलोमीटर. नांदेडला न्यायचं म्हटलं तरी शंभराच्या मागेपुढेच. त्यात पेशंट डोंगरातल्या एखाद्या तांड्यावरचा किंवा पोडावरचा असेल, तर आधी तिथून पुसदला यायचं, आणि मग पुढचा रस्ता.

म्हणजे आपल्याकडे पेशंट दोन-दोन तास, कधी त्याहून जास्त, गाडीतच असतो. तेवढा वेळ ती गाडीच त्याचा दवाखाना असते. दवाखान्यात डॉक्टर काय करतात हे आपण विचारतो. मग या धावत्या दवाखान्याला का नाही विचारत?

१०८ म्हणजे नक्की काय?

आधी थोडी माहिती. महाराष्ट्रात १०८ची सेवा २६ जानेवारी २०१४ला सुरू झाली. सुरुवातीला गाड्या होत्या ९३७. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स, म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर वगैरे असलेल्या. उरलेल्या ७०४ बेसिक. फोन लागतो पुण्याच्या कंट्रोल रूमला, तिथून जवळची गाडी निघते. पैसे द्यायचे नाहीत. आणि आपल्या राज्याचं एक वेगळेपण आहे: गाडीत डॉक्टर असतो. बऱ्याच राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले आणि आपत्कालीन उपचारांचं प्रशिक्षण मिळालेले डॉक्टर असतात. ड्रायव्हरला या सेवेत 'पायलट' म्हणतात. गरोदर बाई आणि लहान बाळांसाठी १०२ची गाडी वेगळी. तीही मोफत, घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून परत घरी.

२०२४मध्ये राज्याने या सेवेचं नवं कंत्राट ठरवलं. त्यात गाड्या १,७५६पर्यंत न्यायचं ठरलं. नवजात बाळांसाठी वेगळ्या गाड्या, बाइक आणि बोटीसुद्धा. चांगलंच आहे. गाड्या वाढायलाच हव्यात. पण संख्या वाढली म्हणजे काळजी चांगली झाली, असं आपोआप होत नाही. हे मी मनाने सांगत नाही. एका देशाने याचा हिशोब मांडून दाखवला आहे.

आठ मिनिटांचं वेड

इंग्लंडमध्ये बरीच वर्षं ॲम्ब्युलन्स सेवेचं यश एकाच आकड्यावर मोजायचे: जिवाला धोका असलेल्या शंभरातल्या पंच्याहत्तर फोनना गाडी आठ मिनिटांत पोचली पाहिजे. आता गंमत बघा. गाडी सात मिनिटांत पोचली आणि आत काहीच धड झालं नाही, तरी कागदावर पास. नऊ मिनिटांत पोचली आणि पेशंटचा जीव वाचला, तरी नापास!

मग २०११पासून तिथे दुसरे आकडेही मोजायला लागले. हार्ट अटॅकच्या पेशंटला गाडीत चार गोष्टी मिळाल्या का? ॲस्पिरिन दिली का? जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा मारला का? दुखणं किती आहे हे दोनदा विचारून लिहिलं का? दुखणं थांबवायचं औषध दिलं का? लकव्याच्या पेशंटसाठी तीन गोष्टी: चेहरा, हात आणि बोलणं तपासलं का, साखर बघितली का, बीपी लिहिलं का? अट अशी की यादीतल्या सगळ्या गोष्टी झाल्या तरच पास. एक राहिली तरी नापास.

त्याच सुमारास तिथल्या बारा ॲम्ब्युलन्स सेवांनी मिळून सुधारणेचा एक मोठा प्रयत्न केला. सुरुवातीचा आकडा ऐका. हार्ट अटॅकच्या पेशंटपैकी चारही गोष्टी मिळालेले फक्त ४३ टक्के! श्रीमंत देश, भारी गाड्या, शिकलेले लोक, तरी निम्म्याहून जास्त पेशंटना पूर्ण उपचार मिळत नव्हते. आणि मोजेपर्यंत हे कुणाला माहीतच नव्हतं. प्रयत्नांनंतर तो आकडा ७९ टक्क्यांवर गेला. लकव्याचा ८३वरून ९६वर.

कसा गेला? त्यांनी साध्या साध्या गोष्टी केल्या. खिशात मावेल असं आठवणीचं कार्ड, गाडीत डोळ्यासमोर यादी. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या पेशंटचा निकाल कळवला. एक छोटा बदल करायचा, महिनाभर बघायचं, जमला तर ठेवायचा, नाही तर दुसरा. बस!

आपले पेशंट, आपली यादी

पण इंग्लंडची यादी पुसदला जशीच्या तशी चालणार नाही. आपल्याकडचे पेशंट वेगळे. म्हणून मी चार पेशंट घेतो. चौघेही काल्पनिक आहेत, पण त्यांची दुखणी आपल्या तालुक्यातलीच आहेत.

पहिला, पन्नाशीचा माणूस. पहाटे छातीत दुखतंय, घाम फुटलाय. घरचे म्हणतात, गॅस आहे. इथे यादी अशी: गाडी पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला का? ॲस्पिरिन दिली का? ईसीजीचा फोटो पुढच्या डॉक्टरला आधीच गेला का? रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात मिळत असेल, तर ते सोडून शंभर किलोमीटर पळायचं नसतं. हृदयाचा स्नायू दर मिनिटाला मरत असतो. तो पुढच्या दवाखान्याची वाट बघत नाही.

दुसरी, बाळंतीण. बाळ ठीक आहे, पण रक्तस्राव थांबत नाही. इथे बघायचं की गर्भाशय आवळणारं इंजेक्शन दिलं का? पोटावरून चोळणं वाटेत चालू ठेवलं का? सलाईन लावलं का? पांघरूण घालून तिला ऊब दिली का? आणि पुढे फोन करून "रक्त तयार ठेवा" असं कुणी सांगितलं का? तो एक फोन राहिला, तर दारात पोचल्यावर रक्ताची शोधाशोध सुरू होते, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नसतो.

तिसरा, साप चावलेला. रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. दुखत नाही, सूज नाही, म्हणून घरचे निवांत. दोन तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. याला सर्पविषाची लस जवळच्या सरकारी दवाखान्यातच सुरू झाली पाहिजे. आणि श्वास मंदावला, तर अंबू बॅग दाबत दाबत, न थांबता, पुढे पोचवलं पाहिजे. तासभर हाताने बॅग दाबणं सोपं नाही. ज्याने सरावच केला नाही, त्याला ते आयत्या वेळी जमणार नाही.

चौथा, फवारणीवाला. यवतमाळ जिल्ह्यात २०१७चा तो हंगाम कोण विसरेल? कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. अशा पेशंटचे कपडे काढून अंग साबणाने धुतलं का, हा पहिला प्रश्न. कपड्यांवरचं विष गाडीभर दोन तास अंगात मुरत राहिलं, तर औषधाचा उपयोग काय? काही कीटकनाशकांत तोंडाला फेस येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छातीत घरघर लागते. तिथे ॲट्रोपिन लागतं आणि ते भरपूर लागतं. गाडीत किती कुप्या आहेत, हे निघण्याआधी बघितलं का?

आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण इथे आठवतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरायची. शंभरातली चाळीसएक दगावायची. बावस्करांनी लहानशा सरकारी दवाखान्यात बसून एकेका पेशंटची बारीक नोंद ठेवली, रात्र रात्र उशाशी बसले, आणि प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. मोठी यंत्रं नव्हती. होती ती नोंदवही, आणि पहिल्या दवाखान्यातच योग्य उपचार करायची जिद्द.

सिलिंडरचं गणित

आता एक गणित. गाडीतला मध्यम आकाराचा, 'बी टाइप' ऑक्सिजन सिलिंडर पूर्ण भरलेला असला की त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. पेशंटला मिनिटाला दहा लिटर लावला, तर तो किती वेळ पुरेल? दीडशे मिनिटं. म्हणजे अडीच तास. यवतमाळपर्यंत पुरला.

पण तोच सिलिंडर अर्धाच भरलेला असेल तर? पंच्याहत्तर मिनिटं. म्हणजे यवतमाळ यायच्या कितीतरी आधी, रस्त्यातच काटा शून्यावर. पेशंट तोच, डॉक्टर तोच, गाडी वेळेवर आलेली. फक्त निघताना कुणी काटा बघितला नाही.

काळजीचा दर्जा म्हणतात तो हाच. ड्युटी बदलताना पाच मिनिटं यादी हातात घेऊन बघायचं: सिलिंडर किती, सक्शन चालतं का, मॉनिटरची बॅटरी चार्ज आहे का, ॲट्रोपिन आणि सर्पविषाच्या सोबतची औषधं आहेत का, लहान मुलाच्या तोंडाला बसेल असा मास्क आहे का. आणि बघितल्याची सही.

पाच ओळींची चिठ्ठी

पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तेव्हा सगळ्यात जास्त माहिती सांडते. गावातून गाडीत, गाडीतून पुसदच्या दवाखान्यात, तिथून दुसऱ्या गाडीत, मग यवतमाळच्या कॅज्युअल्टीत. चार वेळा हात बदलले. शेवटच्या डॉक्टरने विचारलं, "ॲट्रोपिन किती दिलं?" तर सोबत आलेला भाऊ म्हणतो, "इंजेक्शन दिलं होतं साहेब, कोणतं ते नाही माहीत." मग एक तर औषध पुन्हा पहिल्यापासून, नाही तर कमी.

यावर उपाय पाच ओळींचा. काय झालं, किती वाजता झालं, तपासल्यावर काय सापडलं, काय दिलं आणि किती वाजता दिलं, आत्ता कसा आहे. तोंडी सांगायचं आणि कागदावरही द्यायचं. सांगताना ऐकणाऱ्याने तीस सेकंद हातातलं काम थांबवून ऐकायचं. एवढं जमलं तरी खूप.

आकडा रागवायला की शिकायला?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. हे सगळं मोजायचं म्हटलं की गाडीतली माणसं घाबरतात. साहजिक आहे. नोकरी कंत्राटी, रात्रपाळी, रस्ते खराब, आणि पेशंट गेला तर नातेवाइकांचा राग पहिला त्यांच्यावर. त्यात वरून कुणी म्हणालं, "दहा मिनिटांत ईसीजी नाही निघाला तर पगार कापू," तर काय होईल? ईसीजी पंचविसाव्या मिनिटाला निघेल आणि कागदावर 'नऊ मिनिटं' लिहिलं जाईल. आकडा सुधारेल, पेशंट तिथेच राहील.

म्हणून नोंद ही शिकण्यासाठी हवी. पुसदला महिन्यातून एकदा, तासभर, गाड्यांचे डॉक्टर, पायलट, उपजिल्हा रुग्णालयातले डॉक्टर आणि नर्स एकत्र बसले, आणि त्या महिन्यातले दहा कागद काढून फक्त एवढं विचारलं की "काय राहून गेलं आणि का राहिलं?" तर? कधी कळेल की ईसीजीचा कागदच संपला होता. कधी कळेल की तांड्यावरच्या आजीची गोरमाटी बोली कुणाला समजली नाही, म्हणून छातीतलं दुखणं पोटातलं वाटलं. यात दोष कुणा एकाचा नसतो. पण उपाय करता येतो.

आणि अजून एक. गाडीतल्या डॉक्टरला त्याच्या पेशंटचं पुढे काय झालं, हे कळायला नको का? रात्रभर बॅग दाबून ज्याला पोचवलं तो जगला की गेला, हे न कळताच तो पुढच्या फोनवर निघतो. ज्याला निकालच कळत नाही, तो सुधारणार कसा? यवतमाळहून महिन्याला एक यादी पुसदला परत आली तरी पुरे. तिला खर्च नाही.

आपण काय करायचं?

आता तुमचं काम. मोबाइल हातात आहेच.

एक. १०८ला फोन लावला की आधी ठिकाण सांगा: गाव, तालुका, जवळचा फाटा, देऊळ किंवा शाळा. मग पेशंट शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का. समोरचा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका, आणि नंतर तो नंबर मोकळा ठेवा. एकाला टॉर्च घेऊन फाट्यावर उभं करा. डोंगरातल्या वस्तीवर याने खरंच वेळ वाचतो.

दोन. फवारणीचा पेशंट असेल तर औषधाच्या डब्याच्या लेबलचा फोटो काढा. आधीच्या गोळ्यांचा, जुन्या ईसीजीचाही काढा. साप चावला असेल तर वेळ लिहून ठेवा. दोर आवळू नका, चिरा देऊ नका, सापामागे धावू नका. पेशंटला चालवू नका.

तीन. माणूस कोसळला, हलवून उठत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल. गाडी येईपर्यंत थांबू नका. हे व्हिडिओ बघून येत नाही, एकदा हाताने शिका. तुमच्या कॉलेजमध्ये शिबिर मागा.

चार. अपघातातल्या माणसाला मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४ए आलंय. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही.

पाच. प्रश्न विचारा, पण नेमका. सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते. ग्रामसभा असते. माहितीचा अधिकार २००५पासून आहे. फक्त "गाडी किती वेळात आली" एवढंच नको. विचारा: छातीत दुखणाऱ्या किती पेशंटचा ईसीजी गाडीत निघाला? ड्युटी बदलताना तपासणीची यादी भरली जाते का? गाडीतल्या लोकांचा सराव शेवटचा कधी झाला? हे शिकलेलं हात काही महिन्यांत विसरतात, म्हणून तारीख विचारा. विचारताना आवाज चढवू नका. गाडीतला डॉक्टर आणि पायलट आपल्या बाजूचेच आहेत. त्यांनाही भरलेला सिलिंडर हवाच असतो.

तर आज एवढंच. तुमच्या गावाजवळ १०८ची गाडी कुठल्या ठिकाणी उभी असते, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर या आठवड्यात शोधा, आणि आम्हाला कळवा. जाल तेव्हा त्यांना चहा विचारा, आणि गाडीत काय काय असतं तेही विचारा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!